साडेपाचशे वॅट कुठे कमी पडले

नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यानंतर तिसऱ्या संध्याकाळी माझा संगणक गेम चालू असताना पहिल्यांदा बंद पडला. चित्र गोठले नाही, निळा पडदा आला नाही, आवाजही अडखळला नाही. कॅबिनेटच्या तळातून ‘खट्’ असा बारीक आवाज आला आणि भिंतीतला प्लग कुणीतरी उपसून काढावा तसे सगळे पंखे आणि दिवे एका क्षणात थांबले. शेजारच्या खोलीतून धाकट्या भावाने विचारले, “ताई, लाइट गेली का?” पण खोलीतला दिवा चालूच होता. संगणकाचे बटण दोन-तीनदा दाबून पाहिले, काहीच हालचाल झाली नाही. मागच्या बाजूचा पॉवर सप्लायचा, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणाऱ्या डब्याचा, खटका बंद केला, दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा चालू केला, तेव्हा मात्र संगणक काहीच झाले नसल्यासारखा सुरू झाला.

पुढचे जवळजवळ तीन आठवडे या बंद पडण्याचे कारण शोधण्यात आणि त्यानंतर किती वॅटचा पॉवर सप्लाय घ्यायचा हे ठरवण्यात गेले. माझी सुरुवातीची बेरीज बरोबर होती आणि तरीही तिच्यावरून मी काढलेला निष्कर्ष चुकला, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहावासा वाटला.

माझ्याकडे एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आणि चार वर्षे वापरलेला ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेची एक श्रेणी) दर्जाचा पॉवर सप्लाय होता. आधीचे कार्ड आरटीएक्स २०६० होते, त्याची गरज १६० वॅट, त्यामुळे तोवर विजेचा विचार करण्याची वेळच आली नव्हती. त्याच्या जागी मी आरटीएक्स ३०८० घेतले, ज्याची गरज ३२० वॅट आहे. या कार्डासाठी एनव्हीडियाने ७५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवलेला आहे, हे मला खरेदीच्या आधीच माहीत होते. पण कंपनी असा आकडा सांगताना हलक्या प्रतीचे पॉवर सप्लाय वापरणारेही गृहीत धरते, म्हणून तो मुद्दाम फुगवलेला असतो, असे मी वाचले होते आणि ते मला पटलेही होते. म्हणून मी माझी बेरीज केली. कार्डाचे ३२०, प्रोसेसरचे जास्तीत जास्त १४२, आणि मदरबोर्ड, रॅम, दोन एसएसडी, पाच पंखे मिळून साधारण ६०. एकूण ५२२ वॅट. शिवाय गेम खेळताना प्रोसेसर कधीच पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा आणखी खालीच राहणार होता. साडेपाचशे पुरतील, असे मी ठरवून टाकले.

इथे प्रोसेसरच्या १४२ या आकड्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुष्कळ लोकांची बेरीज तिथेच चुकते. ५८००एक्सच्या खोक्यावर आणि माहितीपत्रकात १०५ वॅट लिहिलेले असते. तो आकडा टीडीपीचा, म्हणजे कूलर निवडताना उपयोगी पडणारा. प्रोसेसर सॉकेटमधून प्रत्यक्षात किती वीज ओढू शकतो याची मर्यादा वेगळी असते, तिला पीपीटी म्हणतात, आणि १०५ वॅटच्या रायझनसाठी ती १४२ वॅट आहे. इंटेलकडे हा फरक याहून मोठा दिसतो. कोअर आय७-१३७००के या प्रोसेसरचा मूळ आकडा १२५ वॅट, पण टर्बो चालू असताना तो २५३ वॅटपर्यंत जातो. बेरीज करायची तर हा वरचा आकडा धरावा.

आता पुन्हा त्या बंद पडण्याकडे वळते. मी सर्वात आधी विंडोजची नोंदवही उघडली. तिथे प्रत्येक वेळेसाठी ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद होती. या नोंदीतून एवढेच कळते की संगणक नीट बंद न होता अचानक बंद झाला. तो का बंद झाला हे तिच्यातून कळत नाही, आणि तिच्या नावातला ‘पॉवर’ हा शब्द वाचून लगेच पॉवर सप्लायवर ठपका ठेवणेही योग्य नाही, कारण इतर कितीतरी कारणांनी संगणक अचानक बंद पडला तरी हीच नोंद होते. मग मी कार्डाचे ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाकले, रॅमची रात्रभर चाचणी घेतली, तापमाने पाहिली. कार्ड ७२ अंशांवर होते, प्रोसेसर ७५ च्या आसपास. यूपीएसवर संशय आला म्हणून तो मधून काढला आणि संगणक थेट भिंतीच्या सॉकेटला जोडला. त्याच रात्री पुन्हा ‘खट्’.

त्या आवाजाकडे आणि नंतरच्या वागण्याकडे मी पहिल्यापासून नीट लक्ष दिले असते, तर हे सगळे दिवस वाचले असते. सॉफ्टवेअर कोसळले किंवा रॅममध्ये चूक झाली, तर बहुधा पडदा गोठतो, निळा पडदा येतो किंवा संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होतो. इथे तो मेल्यासारखा पडून राहत होता आणि मागचा खटका बंद-चालू केल्याशिवाय उठत नव्हता. पॉवर सप्लायच्या आतली संरक्षण यंत्रणा एकदा कार्यान्वित झाली की ती बहुतेक वेळा अशीच अडकून राहते. मुख्य पुरवठा तोडून आतली साठलेली वीज ओसरली, की मगच ती सुटते. म्हणजे पॉवर सप्लाय बिघडलेला नव्हता. आपल्यावर झेपण्यापलीकडचा भार आला असे समजून तो स्वतःला वाचवत होता.

पण हा भार येत कुठून होता? हे पाहण्यासाठी मी भिंतीतला सॉकेट आणि संगणकाचा प्लग यांच्यामध्ये लावायचे वॅट-मीटर आणले. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ते ७० वॅट दाखवत होते आणि गेममध्ये ४७० ते ४९०. मीटरवरचा आकडा भिंतीतून ओढलेल्या विजेचा असतो, त्यातला काही भाग पॉवर सप्लायमध्येच उष्णता होऊन जातो. कार्यक्षमता ८६ टक्के धरली तर ४८० पैकी सुमारे ४१३ वॅट आतल्या भागांपर्यंत पोहोचत होते. साडेपाचशेपैकी चारशे तेरा! त्यानंतर मी कार्ड आणि प्रोसेसर दोन्हींवर एकाच वेळी पूर्ण ताण देणारे प्रोग्रॅम चालवले. मीटर ६०० पर्यंत चढले, म्हणजे आत साधारण ५२० वॅट. संगणक वीस मिनिटे जराही न अडखळता चालला. गेममध्ये त्याहून शंभरेक वॅट कमी लागत असताना मात्र तो अर्ध्या तासात बंद पडत होता. या विसंगतीने मला खरोखर चक्रावून टाकले.

उलगडा व्हायला एक निरीक्षण कामी आले. मी एका वहीत प्रत्येक बंद पडण्याची वेळ आणि त्या वेळी गेममध्ये काय चालले होते ते लिहून ठेवत होते. सात नोंदींपैकी पाच वेळा संगणक नेमका ‘लोडिंग’चा पडदा संपून दृश्य उघडण्याच्या क्षणी बंद पडला होता. लोडिंग चालू असताना कार्ड जवळजवळ रिकामे असते, आणि दृश्य उघडताच त्याच्यातली सगळी गणना एकाएकी सुरू होते. ताण देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भार मोठा असतो खरा, पण तो सपाट असतो. गेममध्ये तो सतत खालीवर उड्या मारतो.

या उड्या किती उंच असतात हे समजून घेतल्यावर गोष्टी जुळू लागल्या. ३२० वॅट ही कार्डाची सरासरी मर्यादा आहे. कार्डावरची नियंत्रण यंत्रणा ती सरासरी पाळते, पण काही मिलिसेकंदांपुरता किंवा त्याहूनही कमी काळ कार्ड त्याच्या बरेच वर जाऊन येते. ३०८० च्या बाबतीत ही क्षणिक उसळी साडेचारशेच्या पुढे गेल्याची मोजमापे तज्ज्ञांनी केलेली आहेत. १२ व्होल्टवर ३२० वॅट म्हणजे सुमारे २७ अँपिअर, आणि ४८० वॅट म्हणजे ४० अँपिअर. माझे वॅट-मीटर सेकंदातून एकदा आकडा बदलत होते आणि संगणकातला नोंद घेणारा प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी. एका मिलिसेकंदात येऊन गेलेली उसळी या दोघांनाही दिसणे शक्यच नव्हते. ती फक्त पॉवर सप्लायच्या संरक्षण यंत्रणेला दिसत होती. ही यंत्रणा साधारणपणे छापील क्षमतेच्या १० ते ३० टक्के वर लावलेली असते. कार्डाचे ४८० किंवा थोडे अधिक, प्रोसेसरचे त्या क्षणीचे ८०-१००, बाकीचे ६०. बेरीज ६२० ते ६४० च्या घरात जात होती, आणि माझ्या पॉवर सप्लायची सहनशक्ती तिथेच कुठेतरी संपत होती.

हा तर्क तपासायला फारसा खर्च नव्हता. कार्डाची वीज-मर्यादा सॉफ्टवेअरमधून कमी करता येते. मी ती ७५ टक्क्यांवर, म्हणजे २४० वॅटवर आणली. त्यानंतर सलग पाच संध्याकाळी तोच गेम, तीच दृश्ये, तीच लोडिंगची वाट, आणि संगणक एकदाही बंद पडला नाही. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ९८ वरून ९१ पर्यंत उतरल्या एवढेच. मर्यादा पुन्हा १०० टक्के केली आणि चाळीस मिनिटांत परिचित ‘खट्’ ऐकू आला. त्या रात्री मला या शोधातले सर्वात मोठे समाधान मिळाले.

केबलची एक बाबही मध्येच लक्षात आली. माझ्या कार्डाला आठ पिनांच्या दोन जोडण्या आहेत, आणि मी एकाच केबलला असलेली दोन टोके त्या दोन्हींत बसवली होती. आठ पिनांची प्रत्येक जोडणी १५० वॅटसाठी असते, आणखी ७५ वॅट मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात. दोन्ही जोडण्यांचा भार एकाच केबलवर टाकला की तिच्यातला व्होल्टेज-घट वाढतो. दोन स्वतंत्र केबल लावल्यावर बंद पडण्याचे प्रमाण कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. ज्यांच्याकडे असा त्रास आहे त्यांनी नवा पॉवर सप्लाय घेण्याआधी हे एकदा जरूर पाहावे, कारण त्याला एक पैसाही लागत नाही.

मर्यादा ७५ टक्क्यांवर ठेवून मी कायमची सुखाने राहू शकले असते, आणि ज्यांना लगेच खर्च करायचा नाही त्यांना मी तेच सुचवीन. पण उन्हाळ्यात पॉवर सप्लायचा पंखा आधीच घरघरत होता, आणि प्रोसेसरही पूर्ण चालवावा लागेल असे व्हिडिओ-संपादनाचे काम माझ्यापुढे होते. म्हणून नवा घ्यायचे नक्की केले. आता प्रश्न होता आकड्याचा.

इंटरनेटवर भाग निवडले की वॅट सांगणारे गणक पुष्कळ आहेत. मी तीन वापरले आणि तिन्हींनी वेगळे उत्तर दिले, ६०० पासून ८५० पर्यंत. ओळखीच्या एकाने “सरळ हजारचा घे, आयुष्यभर बघायला नको” असे सांगितले. दुसऱ्या एकाकडे हेच कार्ड ६५० वॅटच्या उत्तम पॉवर सप्लायवर दोन वर्षे बिनतक्रार चालले होते, आणि ते मी स्वतः पाहिले होते. म्हणजे ६५० अशक्य नव्हतेच. त्यामुळे दुसऱ्यांचे आकडे बाजूला ठेवून मी माझ्याच मोजमापांचे तीन आकडे कागदावर मांडले: गेममधला नेहमीचा भार ४१५ वॅट, दोन्ही भाग पूर्ण ताणलेले असतानाचा सलग भार ५२० वॅट, आणि सर्वात वाईट क्षण, म्हणजे कार्डाची उसळी आणि त्याच क्षणी प्रोसेसरही पूर्ण भरात, साधारण ७०० वॅट. हा तिसरा आकडासुद्धा संरक्षण यंत्रणेच्या उदारपणावर न सोडता छापील क्षमतेतच बसावा, असे मी ठरवले. त्या हिशेबाने उत्तर ७५० आले. कंपनीने सुचवलेलाच आकडा माझ्या मोजमापातून निघाला, आणि तो फुगवलेला आहे हा माझा समज मी सोडून दिला.

हजार वॅटचा का नाही, याचे कारण लोकांना वाटते ते नव्हते. मोठा पॉवर सप्लाय सतत जास्त वीज खातो, हा गैरसमज आहे; संगणकाला जेवढी लागते तेवढीच वीज आणि वरची तूट एवढेच तो भिंतीतून घेतो. निम्म्या भाराला कार्यक्षमता सर्वात चांगली असते म्हणून दुप्पट क्षमतेचा घ्यावा, हा सल्लाही मी आकड्यांवर घासून पाहिला. ८० प्लस गोल्डसाठी ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता लागते. निम्मा भार आणि पूर्ण भार यांत अवघ्या तीन टक्क्यांचा फरक. चारशे वॅटच्या भारावर हा फरक पंधरा-सोळा वॅटचा होतो, आणि त्यासाठी कुणी वरच्या क्षमतेचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. जास्त क्षमतेचा खरा लाभ शांततेत आहे, कारण भार कमी असला की पंखा हळू फिरतो. तो लाभ मला ७५० मध्येही मिळणार होता. उरलेले पैसे मी दर्जावर घालायचे ठरवले.

८० प्लसचे चिन्ह फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलते, हेही याच वेळी नीट समजले. व्होल्टेज किती स्थिर राहते, आतले कपॅसिटर कोणत्या प्रतीचे आहेत, संरक्षण यंत्रणा किती अचूक आहे, यांपैकी काहीही त्या चिन्हात येत नाही. त्यामुळे मी अंगावरची छापील पट्टी वाचायला शिकले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरूनच वीज घेतात, म्हणून त्या रकान्यातला अँपिअरचा आकडा महत्त्वाचा. माझ्या जुन्या पॉवर सप्लायवर तो ४४ होता, म्हणजे ५२८ वॅट. मी पाहिलेल्या एका स्वस्त पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत ६०० छापले होते आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ३४ अँपिअर, म्हणजे जेमतेम ४०८ वॅट. उरलेली क्षमता ३.३ आणि ५ व्होल्टवर होती, जिचा आजच्या गेमिंग संगणकाला फारसा उपयोग नाही.

शेवटची अट एटीएक्स ३.० ची घातली. २०२२ मध्ये आलेल्या या मानकात क्षणिक उसळ्यांचा प्रश्न थेट हाताळला आहे. नव्या सोळा पिनांच्या जोडणीसह येणाऱ्या, ४५० वॅटहून मोठ्या पॉवर सप्लायने छापील क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. माझ्या कार्डाला ती नवी जोडणी लागत नाही, ते जुन्या आठ पिनांवरच चालते, पण उसळी सोसण्याची ताकद मला हवी होती.

नवा ७५० वॅटचा गोल्ड पॉवर सप्लाय आला, तेव्हा तो जुन्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब निघाला आणि कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा एक घर पुढे सरकवावा लागला. त्याहून गंभीर चूक अगदी थोडक्यात टळली. एसएसडीपर्यंत ओढून नीट बांधलेली जुनी केबल तशीच राहू द्यावी आणि तिचे फक्त दुसरे टोक नव्या पॉवर सप्लायमध्ये खुपसावे, असे मनात आले. टोक अचूक बसतही होते. पण सुट्या केबलींच्या पॉवर सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना कोणत्याही मानकाने ठरवलेली नाही; एकाकडे जिथे ५ व्होल्ट असतात तिथे दुसऱ्याकडे १२ असू शकतात, आणि तसे झाले की डिस्क जळते. मी बसवलेले टोक पुन्हा काढले, जुन्या सगळ्या केबली उपसल्या आणि खोक्यात आलेल्या नव्या केबली पहिल्यापासून ओढल्या. त्यात पूर्ण दुपार गेली.

रात्री मर्यादा १०० टक्क्यांवर ठेवून तोच गेम लावला आणि मुद्दाम एका नकाशातून दुसऱ्यात असे वीसेक वेळा लोडिंग करवले. वॅट-मीटर आता ४५५ च्या आसपास होते, म्हणजे तोच खेळ पंचवीस वॅट कमी घेत होता. व्हिडिओ-संपादन आणि कार्डावरचा ताण एकत्र चालवला तेव्हाही पॉवर सप्लायचा पंखा कान देऊन ऐकावा लागला. या गोष्टीला आता आठ महिने झाले आहेत. यूपीएसचा हिशेब मात्र तेव्हाच नव्याने करावा लागला, कारण त्याच्यावर भार पडतो तो भिंतीकडचा, तुटीसकटचा. माझा जुना ३६० वॅटचा यूपीएस वीज गेल्यावर गेम चालू असलेल्या या संगणकाला क्षणभरही धरू शकत नाही.

साडेपाचशेचा तो जुना पॉवर सप्लाय मी टाकून दिला नाही. धूळ झटकून, व्होल्टेज तपासून तो भावाच्या संगणकात बसवला, माझ्या जुन्या २०६० कार्डासोबत. तिथे वॅट-मीटर गेममध्ये २९० च्या वर जात नाही. भाऊ रोज दोन तास त्यावर खेळतो, आणि त्याच्या खोलीतून तो ‘खट्’ अजून एकदाही ऐकू आलेला नाही.